चोंडीच्या अहिल्याबाई : गादी नव्हती, म्हणून देवाचे नाव

घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळले की पाट्यांवर आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर दिसते. याच भागात आम्ही मुलामुलींचे दोन दिवसांचे अभ्यास शिबिर घेतले होते. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला 31 मेच्या जयंतीचा. एका मुलाचे म्हणणे होते की जिने आयुष्यभर मंदिरे बांधली तिच्या मिरवणुकीत बौद्ध पोरांचे काय काम? त्याच्या शेजारी बसलेली मुलगी चिडली. मेंढपाळांच्या जातीतली बाई, विधवा, आणि तरी तिने राज्य चालवले. तिला आपण परके कसे म्हणायचे, हा तिचा सवाल होता. आम्ही दोघांनाही गप्प केले आणि पुढचे सत्र सुरू केले. ते चुकलेच. त्या दिवशी उत्तर आमच्याजवळही धड नव्हते. म्हणून हा लेख.

सुरुवात शिंगणापूरपासूनच करू. इथे देवळाला भिंत नाही, छप्पर नाही. उघड्या चौथऱ्यावर साधारण साडेपाच फुटांची काळी शिळा उभी आहे. पण भिंत नसली म्हणून अडवणूक नव्हती असे नाही. 2015 च्या नोव्हेंबरात एक महिला चौथऱ्यावर चढली तेव्हा शुद्धीकरणाचा विधी झाला. 2016 च्या प्रजासत्ताक दिनी चौथऱ्याकडे निघालेल्या महिलांना पोलिसांनी वाटेतच अडवले. मग उच्च न्यायालयाने 1956 च्या मंदिर प्रवेश कायद्याची आठवण करून दिली आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला चौथरा सर्वांना खुला झाला. 2018 मध्ये या देवस्थानासाठी राज्य सरकारने वेगळा कायदा केला. देव उघड्यावर असला तरी त्याच्याभोवती पैसा, विश्वस्त, कोर्ट आणि सरकार हे सगळे येऊन उभे राहतेच.

इथून जवळच तालुक्याचे गाव नेवासे. प्रवरेकाठी ज्ञानेश्वरांचा पैस खांब आहे, तो सगळ्यांना माहीत असतो. तिथले मोहिनीराजाचे कोरीव मंदिर अठराव्या शतकात चंद्रचूड जहागीरदारांनी बांधले. हे चंद्रचूड म्हणजे होळकरांच्या दिवाणाचे घराणे. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीच अहिल्याबाईंच्या हातून कारभार काढून घेण्याचा डाव टाकला होता. तो डाव काय होता ते पुढे येईलच. आत्ता एवढेच ध्यानात ठेवू की त्या काळात बाई मंदिर बांधत होती आणि तिला विरोध करणाऱ्या दिवाणाचे घराणेही मंदिर बांधत होते. देऊळ बांधणे ही तेव्हाच्या सत्तेची बोलीभाषा होती. ती बोलल्याशिवाय कोणाला मोठे मानले जात नसे.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी चोंडीला झाला. आजच्या जामखेड तालुक्यात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला हे गाव आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, जात धनगर. मल्हारराव होळकर हेही धनगर. मेंढरे राखणाऱ्या घरातून आलेला हा माणूस तलवारीच्या बळावर पेशव्यांचा मोठा सरदार झाला होता. चोंडीच्या मुक्कामात मल्हाररावांनी देवळात ही मुलगी पाहिली आणि सून करून घेतली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, 1733 मध्ये खंडेराव होळकरांशी तिचे लग्न झाले हे नक्की. म्हणजे वय आठ. मुलगा मालेराव, मुलगी मुक्ताबाई.

1754 मध्ये राजस्थानातल्या कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. चितेवर बसायची तयारी झाली होती. सासऱ्यांनी त्यांना थांबवले. इथे आम्ही मल्हाररावांना मोठेपण देतो, पण त्यात व्यवहारही होता. वारस लहान, सरदार सतत स्वारीवर, आणि घरात हिशेब कळणारी एकच व्यक्ती. पुढची बारा वर्षे मल्हाररावांनी सुनेला कारभारात मुरवले. 1765 मधल्या त्यांच्या पत्रात तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या सूचना आहेत. घरातल्या विधवेला माळ देऊन कोपऱ्यात बसवायच्या काळात एक सासरा सुनेला तोफांचे काम सांगतो आहे!

1766 मध्ये मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी मालेरावही गेला. नवरा नाही, सासरा नाही, मुलगा नाही. आता चंद्रचूडांचा डाव. त्यांना एखादे लहान मूल दत्तक घ्यायला लावून कारभार स्वतःकडे हवा होता. त्यासाठी त्यांनी पेशव्यांचे चुलते राघोबादादांना बोलावले. राघोबा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. अहिल्याबाईंनी पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली, महादजी शिंद्यांना आपल्या बाजूला वळवले, स्त्रियांची तुकडी उभी केली. आणि राघोबांना कळवले की आपण हरलो तर बायका हरल्या म्हणून कोणी नावे ठेवणार नाही, पण तुम्ही हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. राघोबा सांत्वनाला आल्याचे सांगून परत फिरले. ही गोष्ट भाषणांत फार रंगवून सांगतात. आम्हाला त्यातली पत्रे महत्त्वाची वाटतात, कारण लढाई झालीच नाही. ती आधीच कागदावर जिंकली गेली होती.

पण जिंकूनही काय मिळाले? सुभेदारीची वस्त्रे मिळाली तुकोजी होळकरांना. तुकोजी मल्हाररावांच्या पोटचे नव्हते, पण पुरुष होते आणि फौजेतले होते. मुलकी कारभार आणि खजिना अहिल्याबाईंकडे राहिला. म्हणजे काम त्यांचे आणि किताब दुसऱ्याचा. ज्या बायका आज सरपंच आहेत आणि ज्यांच्या खुर्चीशेजारी नवरा बसतो, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

याच ठिकाणी देव येतो. अहिल्याबाईंनी राज्य शंकराला अर्पण केले. होळकर दरबारचे हुकूम त्यांच्या नावाने न निघता श्रीशंकराच्या आज्ञेने निघू लागले. भक्तीची गोष्ट म्हणून हे सगळीकडे सांगितले जाते. त्या मनापासून शिवभक्त होत्याच, त्यात शंका घेण्याचे कारण नाही. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला इथे दुसरेही काही दिसते. जिला गादीवर बसता येत नाही, जिची जात शूद्र मानली जाते, जी विधवा असल्याने शुभकार्यात नको असते, तिच्या सहीला दरबारातला ब्राह्मण कारभारी आणि राजपूत जमीनदार किती किंमत देणार? शंकराच्या हुकमाला मात्र नाही म्हणता येत नाही. त्यांनी आपली सही देवाच्या नावामागे ठेवली आणि तिच्या जोरावर जवळजवळ तीस वर्षे माळवा चालवला. आमचा हा अर्थ कोणाला पटणार नाही, पण दुसरा अर्थ घेतला तरी कागद तेच राहतात.

हे त्यांनी नवीन शोधलेले नव्हते. तंजावरला राजराज चोळाने 1010 च्या सुमारास जे प्रचंड देऊळ पूर्ण केले त्यातल्या देवाला त्याने स्वतःचेच नाव दिले, राजराजेश्वर. ज्याचा देव मोठा त्याचे राज्य मोठे. मग शत्रूचे राज्य मोडायचे तर त्याचा देवही उचलून न्यायचा, हे ओघाने आले. चोळांनी चालुक्यांचे कल्याणी लुटले आणि तिथला द्वारपालाचा पुतळा विजयचिन्ह म्हणून घरी नेला. काश्मीरच्या हर्ष राजाने अकराव्या शतकाच्या शेवटी देवमूर्ती उखडून तिजोरी भरण्यासाठी खास अधिकारीच नेमला होता. त्यातून बुद्धमूर्तीही सुटल्या नाहीत. आणि खुद्द अहिल्याबाईंच्या हयातीत, 1791 मध्ये, मराठा फौजेतल्या स्वारांनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला, तेव्हा तो पुन्हा उभा करायला पैसा टिपू सुलतानाने पाठवला. शाळेच्या पुस्तकातली हिंदू राजे बांधणारे आणि मुसलमान राजे पाडणारे ही वाटणी इथे टिकत नाही.

आपणही यातून बाहेर नाही, हे तरुण कार्यकर्त्यांना आवर्जून सांगायला हवे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने भिक्षुसंघाला मोठे लेणे दान दिले. एका राणीने संघाला दिलेले दान म्हणून आपण अभिमानाने ते दाखवतो. त्याच लेखात तिने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगितली आहे आणि त्यात चार वर्णांची सरमिसळ त्याने थांबवली हेही थोरवी म्हणून आले आहे. बुद्धाच्या संघाला दिलेल्या दानाच्या भिंतीवर वर्णरक्षणाची फुशारकी! राजाचे दान येते तेव्हा राजाची गरजही सोबत येते. लेणे असो की देऊळ.

माहेश्वरला नर्मदेकाठी अहिल्याबाईंनी राजधानी केली. विणकर वसवले; माहेश्वरी साडी त्यातून आली. रोज दरबारात बसून त्या स्वतः तक्रारी ऐकत. निपुत्रिक विधवांची मालमत्ता सरकारजमा करण्याची किंवा दत्तकाला मंजुरी देताना मोठा नजराणा उकळण्याची रीत होती. ती त्यांनी मोडली. विधवेचे धन विधवेकडेच राहू दिले. डोंगरातल्या भिल्लांशी आधी कठोर वागल्या, काही म्हणवणाऱ्यांना जबर शिक्षा केल्या, पण पुढे त्यांचा वाटसरूंकडून घेण्याचा जुना हक्क मान्य केला आणि बदल्यात वाट सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी माळव्यात माणसे विचारून हे लिहून ठेवले. त्यानेच नोंदवले आहे की एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, तेव्हा त्यांनी तो ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला लावला. आजच्या जयंतीच्या भाषणांचे त्यांनी काय केले असते कोण जाणे.

मंदिरांचा पैसा कुठून आला, हे मात्र फार कमी जण सांगतात. होळकरांच्या घरात दौलत आणि खासगी असे दोन वेगळे खजिने होते. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून 1734 मध्ये खासगीची जहागीर मिळाली होती. घरातल्या बाईच्या हक्काचा हा महसूल. 1761 मध्ये सासूबाई गेल्यावर तो अहिल्याबाईंकडे आला. देशभरच्या घाटांवर, विहिरींवर, धर्मशाळांवर आणि देवळांवर खर्च झाला तो मुख्यतः या खासगीतून. फौजेच्या खर्चासाठी तुकोजी सतत पैसे मागत, बाई हिशेब विचारत, आणि दोघांचे खटके उडत. राज्याचा पैसा आणि स्वतःचा पैसा यांच्यात रेघ ओढणारी ही बाई आणि आजचे सरकारी तिजोरीतून निघणारे तीर्थक्षेत्र आराखडे, यांची बरोबरी करताना ही रेघ विसरली जाते.

कामे कुठे झाली ते पाहिले तर त्यांची समजही दिसते. काशीचे विश्वनाथ मंदिर 1780 च्या सुमारास उभे राहिले, तेव्हा काशी कंपनी सरकारच्या ताब्यात होती. सोमनाथचे 1783 मध्ये, जुन्या भग्नावशेषांपासून थोडे बाजूला, गाभारा जमिनीखाली ठेवून. होळकरांची सत्ता या दोन्ही ठिकाणी नव्हती. सासरे मल्हारराव 1742 मध्ये काशीजवळ फौज घेऊन गेले होते तेव्हा मशीद पाडून मंदिर बांधण्याचा त्यांचा इरादा होता. काशीतल्या ब्राह्मणांनीच धास्ती घेतली, कारण फौज परत गेल्यावर तिथे राहायचे त्यांना होते. सुनेने पाडापाडीचा मार्ग धरला नाही. शेजारची जागा घेतली आणि बांधले. जिथे तलवार पोहोचत नव्हती तिथे होळकरांचे नाव असे पोहोचले. दरवर्षी गंगेचे पाणी कावडींनी दूरदूरच्या देवळांत जाई, त्यासोबत हेही जाई की माळव्यात एक धर्मशील राज्य आहे. एवढी चांगली ओळख कोणत्याही वकिलाने दरबारात करून दिली नसती.

गयेचे विष्णुपद मंदिर 1787 चे. त्यासाठी जयपूरकडून आणलेले पाथरवट गयेजवळ पत्थरकट्टी गावात राहिले आणि त्यांचे वंशज आज तिथे दगडाच्या बुद्धमूर्तीही घडवतात. विष्णुपदापासून बोधगया दहा-बारा किलोमीटर. बाईंचे कारागीर काळा दगड घडवत होते त्या वेळी महाबोधी विहार शैव महंतांच्या हाती होता आणि मोडकळीला आला होता. त्यासाठी राजदान द्यायला इथे कोणी बौद्ध राजा उरला नव्हता. पुढे ब्रह्मदेशाच्या राजाने माणसे पाठवली. 1949 च्या कायद्याने केलेल्या व्यवस्थापन समितीतही बौद्धांना पूर्ण अधिकार नाही, आणि त्यासाठीचे आंदोलन आपण सगळे जाणतोच. देवस्थानाची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न शिंगणापूरला आणि बोधगयेला एकच आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. अहिल्याबाईंनी बांधलेल्या देवळांत आपल्या पूर्वजांना जाता येत होते का? त्या काळाचे एक कागदपत्र फार बोलके आहे. 1784 च्या सुमारास पंढरपूरच्या ब्राह्मणांनी पेशवे सरकारकडे तक्रार केली की महार लोक देवळाच्या दाराजवळ चोखामेळ्याच्या दगडापाशी येऊन पूजा करतात, जागा अरुंद आहे, जाता-येता विटाळ होतो. सरकारने महारांना तिथून मागे हटवले. अलीकडेच दीपमाळेजवळून किंवा वाड्यातूनच पूजा करावी, असा हुकूम निघाला. हा हुकूम अहिल्याबाईंचा नाही, पुण्याचा आहे. पण पंढरपुरात चंद्रभागेकाठी होळकरांचा वाडा आहे, आत राममंदिर आहे. सोमनाथ उभे राहून जेमतेम वर्ष झाले होते. नाशिकचे काळाराम मंदिरही त्याच पिढीचे, पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधलेले. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब आणि हजारो सत्याग्रही ज्या दारासमोर उभे राहिले, ते हेच. पाच वर्षे ते दार उघडले नाही आणि 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी आपली वाट वेगळी केली.

अहिल्याबाईंनी हे दार अस्पृश्यांसाठी उघडण्याचा प्रयत्न केल्याचे आम्ही कुठे वाचलेले नाही. देवाच्या नावाने सही चालत होती ती देवाच्या भोवतालची उतरंड शाबूत होती म्हणून. पुरोहितांना दक्षिणा पोहोचत होती, म्हणून धनगराच्या विधवेचा हुकूम चालत होता. तीच उतरंड हलवली असती तर पायाखालची फळी सरकली असती. हे आम्ही समर्थन म्हणून सांगत नाही.

त्या फळीची किंमत त्यांनी स्वतःही मोजली. मुलगी मुक्ताबाई हिचे लग्न त्यांनी यशवंतराव फणसे यांच्याशी लावले होते. वाटमाऱ्यांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन असे जाहीर करून निवडलेला हा जावई. आधी नातू नथ्याबा गेला. 1791 मध्ये जावई गेला. मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने विनवणी केली, पायाशी बसली. मुलगी ऐकेना, नवरा नाही, मुलगा नाही, आई म्हातारी, मग जगायचे कोणासाठी, असे तिचे म्हणणे होते. सासऱ्याच्या एका शब्दावर जी सतीतून वाचली, जिच्या हुकमाने हिमालयापासून समुद्रापर्यंत घाट बांधले जात होते, ती स्वतःच्या मुलीची चिता विझवू शकली नाही. नर्मदेकाठी उभी राहून तिने ते पाहिले. तीन दिवस अन्न घेतले नाही, असे माल्कम लिहितो. मग तिथे मुलीच्या नावाने स्मारक बांधले. बांधणे हे एकच हातात होते.

13 ऑगस्ट 1795 रोजी माहेश्वरला त्यांचा मृत्यू झाला. दोन वर्षांत तुकोजीही गेले, मुलांत भांडणे लागली, आणि 1818 मध्ये होळकरांचे राज्य इंग्रजांच्या मांडलिकांत जमा झाले. घाट आणि देवळे मात्र उभीच राहिली.

2023 मध्ये चोंडीला दोन गोष्टी घडल्या. 31 मेला मुख्यमंत्र्यांनी तिथे जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आरक्षणासाठी धनगर कार्यकर्ते तिथेच उपोषणाला बसले. 2025 च्या मे महिन्यात त्रिशताब्दीनिमित्त राज्याचे मंत्रिमंडळच चोंडीला भरले आणि मोठ्या देवस्थानांसाठी हजारो कोटींचे विकास आराखडे मंजूर झाले. मेंढरांच्या चराईचा आणि वनखात्याच्या दंडाचा प्रश्न घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या धनगरांच्या पोरांना आम्ही कामानिमित्त भेटतो. नावाचा त्यांना आनंद आहे. चराईचे काय, असे विचारले की ती हसतात.

पुढच्या शिबिरात आम्ही त्या दोघांना पुन्हा समोरासमोर बसवणार आहोत, पण या वेळी कागद हातात देऊन. एकाच्या हातात पंढरपूरचा 1784 चा हुकूम, दुसरीच्या हातात विधवांच्या मालमत्तेची माहिती. मिरवणुकीला जायचे की नाही ते त्यांनी त्यानंतर ठरवावे.